अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत : बीड जिल्ह्यातील दप्तर, लिपी आणि यंत्र

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. आजोबांच्या, म्हणजे आम्ही ज्यांना दादामियां म्हणत असू त्यांच्या, खाटेखाली ती असायची. आत मळकट कापडात बांधलेले चार-सहा कागद. ईदेच्या आधी घर झाडायला काढले की पेटी अंगणात यायची. कागदांना वाळवी लागली नाही ना, एवढे पाहून ती पुन्हा खाटेखाली जायची. कागदांवर काय लिहिले आहे, हे मात्र घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. दादामियांना अलिफ-बे येत होते. कुरआन ते बोट ठेवून हळूहळू वाचत. पण जुन्या दप्तरातली ती घाईघाईची शिकस्ता लिपी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. अब्बा मराठी शाळेत शिकले, आम्हीही मराठी शाळेतच शिकलो. म्हणजे ज्या कागदावर घर भरवसा ठेवून होते, तो कागद तीन पिढ्यांत घरातल्या एकालाही वाचता आला नाही.

‘डिजिटल दरी’ हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्हाला ही पेटीच आठवली. 1990 च्या दशकात हा शब्द जगभर रूढ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2003 साली जिनिव्हात आणि 2005 साली ट्युनिसमध्ये माहिती समाजावर जागतिक परिषदा भरल्या आणि गरीब देशांना यंत्रे कशी पुरवायची यावर ठराव झाले. त्याच्याही आधी, 1984 च्या अखेरीस, मेटलंड आयोगाने सांगितले होते की एकट्या टोकियो शहरात जेवढे टेलिफोन आहेत तेवढे सबंध आफ्रिका खंडात नाहीत. तेव्हापासून या प्रश्नाची मोजदाद यंत्रांच्या संख्येत होत आली. टेलिफोन किती, संगणक किती, जोडण्या किती. ही मोजणी खोटी नाही. पण आमच्या बीड जिल्ह्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वाटते की ती अपुरी आहे. यंत्र यायच्या कितीतरी आधी ही दरी आमच्याकडे होती. आपला कागद स्वतः वाचणारा आणि आपला कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा, या दोघांमधली ती दरी.

बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. 1860 च्या दशकात पहिल्या सालारजंगांनी जिल्हाबंदी केली. तहसील, तालुकदार, दप्तर अशी नवी घडी बसवली. दप्तराची भाषा आधी फारसी होती, 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. पुढे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. भारतीय भाषेत विज्ञान, वैद्यक शिकवण्याचा तो प्रयोग मोठाच होता, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या संस्थानात दर दहा माणसांत साधारण एकाचीच मातृभाषा उर्दू, तिथे उरलेल्यांना आपल्याच तहसिलीत परके व्हावे लागले, हेही तितकेच खरे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकार उर्दू म्हणून मुसलमानांची चंगळ होती, असे सरसकट सांगितले जाते आणि आमच्यातलेही काही जण ते अभिमानाने ऐकून घेतात. हैदराबादच्या, औरंगाबादच्या शिकलेल्या घराण्यांबद्दल ते खरे असेल. पण मोमिनाबादचा, म्हणजे आजच्या अंबाजोगाईचा विणकर, धारूरचा पिंजारी, गेवराईचा बागवान यांचे काय? ते बोलत होते दखनी आणि बाजारात मराठी. दप्तरी उर्दू त्यांना कुणब्याइतकीच अनोळखी होती. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात साक्षर माणसे शंभरात दहादेखील नव्हती. ज्याला अक्षरच येत नाही त्याला राजाची भाषा आपली असून उपयोग काय?

मग मधे एक माणूस उभा राहिला. अर्जीनवीस. तहसिलीबाहेर झाडाखाली तो सतरंजी टाकून बसायचा. सांगणारा मराठीत किंवा दखनीत गाऱ्हाणे सांगायचा, हा उर्दूत अर्ज लिहायचा आणि खाली अंगठा घ्यायचा. गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या मोडीत, सरकारचा हुकूम उर्दूत, आणि शेतकरी दोन्हींच्या मधोमध अंगठा देऊन मोकळा! वर काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्याच्या इमानावर. अर्जीनवीस लबाडच असत असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांनी विधवांचे, कुळांचे अर्ज फुकट लिहून दिले असतील. पण खरे-खोटे तपासण्याचे साधन ज्याच्या हाती नाही, त्याला दुसऱ्याच्या चांगुलपणावर जगावे लागते. आमच्या मते दरी म्हणतात ती हीच.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. त्या उलथापालथीत घरे हलली, माणसे गेली आणि माणसांबरोबर कागदही गेले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. कारभाराची भाषा मराठी झाली. लोकांची भाषा दप्तरात आली, हा न्यायच होता आणि त्याचा फायदा मराठी शाळेत शिकलेल्या आम्हालाही झाला. पण जुने कागद मात्र एका रात्रीत मुके झाले. उर्दू वाचणारे कारकून निवृत्त झाले, मोडी वाचणारे थकले. ज्या घरांना 1940 साली दप्तराची भाषा वाचता येत होती, त्यांच्या नातवांना 1980 साली आजोबांची सही ओळखता येईना. एका पिढीत जी दरी मराठी शेतकऱ्यासाठी होती, ती पुढच्या पिढीत पेटी उशाशी ठेवून बसलेल्या मुसलमान घरासाठी झाली.

दळणवळणाचे तर विचारू नका. निजामी काळातच परळीपर्यंत आगगाडी आली. बीड शहरात प्रवाशांना घेऊन पहिली रेल्वे धावली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. एवढा उशीर! पण या उशिराच्या काळातही एक साधन आमच्याकडे झपाट्याने पसरले, त्याची आठवण आवर्जून ठेवायला हवी. 1984 साली सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था निघाली आणि पुढल्या काही वर्षांत एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे पिवळे फलक तालुक्यांच्या बसस्टँडवर झळकू लागले. बूथवर बहुधा एखादा अपंग तरुण किंवा विधवा बाई बसलेली असे. आमची फुप्पू निरक्षर होती. नंबर लिहिलेली चिठ्ठी ती ओढणीच्या गाठीत बांधून आणायची, बूथवाला नंबर फिरवून द्यायचा आणि मुंबईच्या मुलाशी ती स्वतः बोलायची. बोलणे तिचे, ऐकणे तिचे. मधला माणूस फक्त नंबर फिरवणारा. यंत्र गरिबाच्या उपयोगी पडते ते असे. पुढच्या यंत्रांच्या बाबतीत मात्र हे घडले नाही.

1998 साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातली सुमारे 70 गावे संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला गावातच उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिलाची माहिती मिळायची, अशी ती योजना. देशभर तिचे कौतुक झाले. पुढे अभ्यासकांनी जवळून पाहिले तेव्हा दिसले की संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच होतो. 2006-07 च्या सुमारास तर काही गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले गेले आणि ते चालले.

हे सारे ठीक. पण अशा कारखान्यांचा ऊस तोडतो कोण? दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल घ्यायची, पाचटाच्या कोपीत राहायचे, पहाटे फडात उतरायचे, पट्टा पडला की परतायचे. ऊस लावणाऱ्याच्या टनांचा हिशेब संगणकात गेला. तोच ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरणाऱ्याचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत राहिला. किती टन भरले, उचलीतून किती फिटले, अंगावर किती राहिले, हे वही सांगेल ते. वजनकाटा एकच आणि ऊसही तोच, पण एकाला छापील पावती आणि दुसऱ्याला तोंडी आकडा.

‘मुकादम’ हा शब्द अरबीतून आलेला. दख्खनच्या सुलतानी अमदानीत तो गावच्या प्रमुखासाठी वापरत. अर्ज, दप्तर, हजेरी, वकील, तहसील हेही शब्द फारसी-अरबीचे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा आमच्या अभिमानाचा विषय असेल. पण शब्द आपले असले म्हणून सत्ता आपली होत नाही, हे फडातला माणूस आपल्याला शिकवतो.

आता अंगठ्याकडे येऊ. ज्याला लिहिता येत नाही त्याला मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवले गेले. साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या, बायाबापड्या सही करायला शिकल्या. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे 77 टक्क्यांवर पोचली. आणि त्याच सुमारास अंगठा परत आला! 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात ‘आधार’चा शुभारंभ झाला. पुढे रेशन दुकानात अंगठा घेणारे यंत्र आले. प्राध्यापकाचाही अंगठा, मजुराचाही अंगठा, अशी समता झाली म्हणावे, तर तीही नाही. कोयत्याने, विटांनी, राखेने, सोड्याने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या धुणीभांडी करणाऱ्या एका खालांना तीनदा परत पाठवले गेले. त्या आम्हाला म्हणाल्या, “बेटा, पहिले सही नहीं आती थी तो अंगूठा लेते थे. अब अंगूठा भी नहीं आता.” अंगठा न उठल्यास मोबाईलवरच्या आकड्याने किंवा दुसऱ्या मार्गाने धान्य देण्याची सोय नियमात आहे. पण नियम कागदावर, आणि कागद वाचणारा काउंटरच्या पलीकडे. तोच जुना प्रश्न.

2020 साली टाळेबंदी आली तेव्हा ही दरी झाकणे अशक्य झाले. मार्चअखेरीस हजारो तोडणी कामगार कारखान्यांवर अडकले, एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी परतण्याची मुभा मिळाली. जूनमध्ये शाळा ‘ऑनलाइन’ सुरू झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2017-18 सालीच सांगून ठेवले होते की ग्रामीण भारतात संगणक शंभरात चार-पाच घरांत आहे आणि इंटरनेटची सोय पंधरा घरांत. एक मोबाईल, तीन मुले, आणि तो मोबाईलही बापाबरोबर कामावर गेलेला. काही गुरुजींनी वस्तीवर जाऊन, देवळाच्या ओट्यावर, मशिदीच्या आवारात मुले जमवून शिकवले. त्यांचे नाव कुठल्या अहवालात येणार नाही, पण त्या वर्षी दरी बुजवली ती त्यांनी, यंत्राने नव्हे.

आणि आपले घर? ते तपासल्याशिवाय दुसऱ्याला दोष देणे बरे नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 ते 49 वयोगटातल्या शंभर पुरुषांपैकी 57 जणांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते, तर शंभर स्त्रियांपैकी 33 जणींनी. महाराष्ट्रातही पुरुष 61 आणि स्त्रिया 38. म्हणजे दरीची एक भिंत घरातच उभी आहे. आमच्या समाजात मुलगा दहावीला नापास झाला तरी त्याच्या हाती मोबाईल येतो. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली तरी ‘बिघडेल’ म्हणून तिला तो मिळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र तिचा असतो आणि तो भरतो कोपऱ्यावरचा ऑनलाइनवाला. जन्मतारीख चुकली, खात्याचा क्रमांक चुकला, तर वर्ष वाया. अर्जीनवीस मेला नाही. झाडाखालून उठून तो दुकानात बसला एवढेच.

हे असेच व्हायला हवे होते का? नाही. केरळातला मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा. दीर्घकाळ तोही मागासच गणला जाई. 18 नोव्हेंबर 2002 रोजी तिथे ‘अक्षया’ प्रकल्प सुरू झाला. उद्दिष्ट साधे होते : दर घरातल्या एका तरी माणसाला संगणक हाताळता यायला हवा. चालण्याच्या अंतरावर केंद्रे, मलयाळममधले धडे, आणि मोठ्या संख्येने शिकायला आलेल्या बायका. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो जिल्हा देशातला पहिला ‘ई-साक्षर’ जिल्हा म्हणून नावाजला गेला. याचे रहस्य यंत्रात नव्हते. 1991 साली केरळ संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाले होते, गावोगावी वाचनालये होती, वाचण्याची सवय होती. पायावर भिंत उभी राहिली. आमच्याकडे आधी भिंत आली, पाया राहून गेला. मुसलमान असणे आड येत नाही, हे मलप्पुरमने दाखवले. आड येते ते न वाचणे.

इतिहास कधी कधी मोठी थट्टा करतो. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलींतले, भूमी अभिलेखांतले जुने बस्ते सोडले गेले. नोंदी निघाल्या मोडीत आणि उर्दूत. आता वाचणार कोण? ज्या उर्दूला दप्तरातून जाऊन साठ-सत्तर वर्षे झाली होती, तिचे जाणकार शोधले जाऊ लागले. मराठा शेतकऱ्याच्या नातवाचे भवितव्य उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींच्या चष्म्यावर अवलंबून राहिले. कागदांची छायाचित्रे संगणकावर चढली. पण छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. ते लाखांना दिसते आणि दहांनाच वाचता येते.

मग आमच्या पेटीची पाळी आली. 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर 6 जून 2025 रोजी ‘उमीद’ हे पोर्टल सुरू झाले. प्रत्येक वक्फ मिळकतीची नोंद सहा महिन्यांत त्यावर करायची होती. त्या कायद्याबद्दल मतभेद आहेत, न्यायालयात वाद आहेत, त्यात आम्ही येथे शिरत नाही. पण मुदत ही मुदत होती. गावोगावचे मुतवल्ली, मुजावर मुंतखबांच्या घड्या घेऊन धावू लागले. ज्यांना जमले नाही त्यांना मुदतवाढीसाठी न्यायाधिकरणाची पायरी दाखवली गेली.

आम्हीही पेटी उघडली. ऑनलाइनवाल्या मुलाने कागदाचे छायाचित्र काढले आणि विचारले, “काका, यात काय लिहिलंय?” आम्ही गप्प. शेवटी बीडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून दोन तास तो कागद वाचला. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो की ही जमीन सरकारने आमच्या पणजोबांना बक्षीस दिली. कागद तसे म्हणत नव्हता. जमीन गावच्या दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी होती. पणजोबा फक्त खिदमत करणारे. अब्बांच्या हयातीत तिच्यातला एक तुकडा आमच्याच भाऊबंदांनी दुसऱ्याला लिहून दिला होता, ‘आपलीच तर आहे’ म्हणून. लबाडीने नव्हे, न वाचल्याने. कागद पेटीत शाबूत होता, त्याची आम्ही वाळवीपासून राखण केली होती. पण न वाचलेल्या कागदाने ना दर्ग्याचे रक्षण केले, ना आमच्या इमानाचे.

त्या दिवशी परत येताना आम्हाला एक गोष्ट पटली. यंत्रे येत राहतील. रेल्वे आली, तशी त्याहून वेगवान साधनेही येतील. प्रत्येक यंत्राबरोबर एक नवा अर्जीनवीसही येईल. त्याला हाकलून प्रश्न सुटत नाही. त्याने जे लिहिले ते मोठ्याने वाचून दाखवायला लावणे आणि ऐकताना समजणे, एवढे तरी आपल्याला आले पाहिजे. मशिदीला लागून असलेल्या खोल्या वर्षभर बंद असतात. जमातखाने लग्नापुरते उघडतात. तिथे संध्याकाळी दोन तास, मोफत, कुणाचाही, कुठल्याही जातीधर्माचा कागद वाचून देणारी एखादी शिकलेली मुलगी बसली तर? एका टेबलावर मराठी, उर्दू, मोडी शिकण्याची पुस्तके, दुसऱ्यावर एक संगणक. मलप्पुरम एवढे मोठे नको, मोहल्ल्याएवढे असले तरी पुरे.

शिक्षकांनी वाचलेला मजकूर आमच्या भाचीने मराठीत एका दोनशे पानी वहीत उतरवून काढला. डावीकडे उर्दू ओळ, उजवीकडे तिचा अर्थ. पोर्टलवरची नोंद तिनेच भरली आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवली. विकल्या गेलेल्या तुकड्याचेही तिने लिहिले. भाऊबंदांपैकी काहींना ते रुचले नाही. ती वही आता कागदांबरोबर पेटीत आहे. पेटीला पूर्वी कुलूप असायचे, ते आम्ही काढून टाकले आहे.